साळवेकाका आणि माझे अठरा अंश

जमिनीच्या पोटात खोलवर काय आहे, याचा जो अभ्यास आमच्या संस्थेत चालतो, त्यात माझं नाव कायमचं लिहून ठेवलेलं आहे. चूक म्हणून लिहिलंय, पण लिहिलंय.

एका स्टेशनच्या फायलीत अगदी वर ओळ आहे: ‘दत्तू, अठरा अंश.’ ती ओळ हिशेबात धरल्याशिवाय तिथला एक आकडा पुढं सरकत नाही. बाहेरदेशातल्या कुणा बाईंनी आमच्या मॅडमना मेल करून विचारलं होतं म्हणे, हे दत्तू कोण, कुठल्या विद्यापीठात असतात? मॅडमनी काय कळवलं ते मी विचारलं नाही. झोप चांगली लागते मला, ती कशाला घालवा.

ती ओळ साळवेकाकांच्या हातची. आता काका नाहीत, ओळ आहे. म्हणून म्हणलं माणसाबद्दल चार शब्द लिहावेत. बायको म्हणाली, “तुम्ही लिहिणार? काकांवर? जन्मभर जळलात की त्यांच्यावर.”

म्हणलं, म्हणूनच. ज्याच्यावर माणूस जळतो त्याच्याकडं तो जेवढं निरखून बघतो, तेवढं लग्नाच्या बायकोकडंही बघत नाही. यावर ती जे म्हणाली ते इथं लिहीत नाही.

मी संस्थेत ड्रायव्हर. शिक्षण चौथी. चौथीत दोनदा बसलो, म्हणजे त्या इयत्तेचा अनुभव इतरांपेक्षा दुप्पट. राहायला कात्रजला. तिथं कुणी विचारलं, कुठं असता कामाला, की मी ऐटीत सांगायचो, भूकंपाच्या ऑफिसात. लगेच पुढचा प्रश्न, “मग पुढचा कधी आहे?” जसा काय मी एसटीच्या चौकशीच्या खिडकीत बसलोय.

काम खरं तर वेगळंच. भूकंप होतो लांब कुठंतरी, दुसऱ्या देशात, समुद्रात. त्याच्या लहरी पृथ्वीच्या पोटातनं फिरत फिरत आपल्या खाली येतात. आपल्याला काही कळत नाही, आपण भेळ खात असतो. पण जमिनीत खड्डा करून त्यात एक यंत्र ठेवलेलं असतं, डब्याएवढं, त्याला कळतं. आपण ज्या काळ्या दगडावर उभे आहोत त्याच्याखाली पस्तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत जमिनीचं कवच आहे, आणि कवच संपलं की वेगळाच, जास्त जड दगड सुरू होतो. ही दोघांमधली जी सीमा आहे ती शोधायची. तिथं कुणी जाऊ शकत नाही. मग तिच्यातनं पार होऊन आलेल्या लहरींनाच विचारायचं, बाई, वाटेत काय काय लागलं?

हे सगळं मला साळवेकाकांनी सांगितलं. मॅडमनी पण सांगितलं होतं, पण त्यांनी सांगितलं तेव्हा मी रस्त्याकडं बघत होतो.

साळवेकाका म्हणजे संस्थेचा फील्डवरचा माणूस. जागा बघायची, खड्डा करून घ्यायचा, यंत्र बसवायचं, सरळ आहे का बघायचं. येरवड्याला राहायचे. उंच, वाळके, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सकाळी गाडीत बसताना “जयभीम दत्तू,” मी म्हणायचो “रामराम काका,” आणि मग थेट मुक्कामाला पोचेपर्यंत गप्प. मी बडबडा माणूस. शेजारच्या सीटवर गप्प माणूस बसला की मला वाटतं, हा मनात माझे मार्क कमी करतोय.

ते शिकलेले असते तर मला काही वाटलं नसतं. मॅडम शिकलेल्या, त्यांना डोकं जास्त, ठीक आहे, देवानं वाटलंय तसं वाटलंय. पण साळवेकाका सातवी. मी चौथी. मधे फक्त तीन इयत्ता. आणि मॅडम, ज्यांच्यासमोर भलेभले साहेब चळचळा कापायचे, त्या नवीन जागा बघायला गेलं की मान वळवून विचारायच्या, “साळवे, तुम्हाला काय वाटतं?”

बारा वर्षं मी गाडी चालवली. मला कुणी एकदा तरी विचारलं का, दत्तू, तुला काय वाटतं? विचारलं. एकदा. “दत्तू, पेट्रोल पुरेल असं वाटतं का?” ते पण पुरलं नाही.

काकांच्या सवयी सांगतो. पहिली म्हणजे, फील्डवर त्यांच्या अंगावर लोखंडाचा कण नसायचा. गाडीतनं उतरले की घड्याळ काढून माझ्या हातात, किल्ल्या माझ्या हातात. पट्टा नाहीच, नाडीची पँट. पाण्याचा तांब्या पितळेचा. काठी लाकडाची. मला पहिल्यांदा वाटलं काहीतरी व्रत असेल. विचारलं तर म्हणाले, “दगडात आधीच लोखंड आहे दत्तू. त्यात माझं कशाला?”

म्हणजे असं, की यंत्र बसवताना त्याची एक बाजू बरोब्बर उत्तरेला पाहिजे. लहर कुठनं आली हे कळायचं तर आधी यंत्राला स्वतःची दिशा माहीत पाहिजे. आणि आपल्या या काळ्या दगडात लोखंड असल्यानं होकायंत्राची सुई कधी कधी त्याच्या नादाला लागते. काका होकायंत्राला हात लावायचे नाहीत. “ते इथं खोटं बोलतं,” म्हणायचे, एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मग ते काय करायचे? जमिनीवर खडूनं वर्तुळ काढायचे, मधे काठी उभी करायची, आणि बसायचे. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या रेघेला शिवलं की एक खूण. सावली आखडत जाते, परत लांबते, दुपारी टोक परत रेघेला शिवलं की दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात उत्तर. सकाळी दहाला पहिली खूण पडली तर दुसरी पडायला दुपारचे तीन वाजून जायचे. तोवर हा माणूस वर्तुळाशेजारी बसून. मी गाडीभोवती फेऱ्या मारायचो, आरशात भांग पाडायचो, टायरला लाथा घालायचो. काका मान वर न करता म्हणायचे, “घाई आहे त्यानं गाडीत बसावं.” गाडीत बसण्यासारखं तिथं मी सोडून कुणीच नसायचं.

दुसरी सवय, यंत्राला ते कधी यंत्र म्हणाले नाहीत. पाहुणा. “पाहुण्याला उन्हात ठेवू नकोस.” “पाहुण्याला झोप लागली पाहिजे.” म्हणजे आजूबाजूची हालचाल त्याला लागता कामा नये. नवीन जागी गेलं की काका पितळेची वाटी जमिनीवर ठेवून काठोकाठ पाणी भरायचे आणि त्या पाण्याकडं बघत बसायचे. पाणी थरथरलं की जागा बाद.

माझ्या सासऱ्यांची जागा अशीच बाद झाली.

वाघोलीला आमचं एक स्टेशन होतं. लावलं तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. दोन-चार वर्षांत चारी बाजूंनी इमारती उगवल्या, दिवसभर जमिनीत खांब ठोकायचं मशीन धाडधाड, नगर रोडला ट्रकची रांग. काका म्हणाले, “पाहुणा वेडा होईल इथं.” नवीन जागा शोधायची ठरली. मी म्हणलं हीच संधी. माझी सासुरवाडी तिथनं पुढं आतल्या बाजूला. सासऱ्यांनी मला आजवर जावई म्हणून मान दिला, पण माणूस म्हणून काय समजतात ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. म्हणलं, मॅडम त्यांच्या अंगणात गाडीतनं उतरतील, मी दार उघडीन, मॅडम म्हणतील, दत्तूनं छान जागा सुचवली. बास, एवढंच पाहिजे होतं मला आयुष्याकडनं.

सासऱ्यांनी खोली सारवून घेतली होती. नारळ आणला होता. पोहे तयार. मॅडमनी सगळं बघितलं, छान म्हणाल्या, आणि मान वळवून, “साळवे?”

साळवेकाका वाटी ठेवून बसले. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सासरे माझ्या कानात म्हणाले, “जावईबापू, ह्ये काय बघत्यात?”

“पाणी.”

“पाणी बघायचं तर हीर दावली असती की.”

वीस मिनिटांनी काका उठले. “मॅडम, चिंच हलतीये.”

खोलीमागं चिंचेचं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. मी म्हणलं, “काका, वारा सुटला की झाड हलणारच. हलायचं नाही तर काय करायचं झाडानं?”

“झाड हललं की मुळं हलतात. मुळं या खोलीखाली आलीयेत. पाहुण्याला झोप लागायची नाही.”

सासरे पेटले. इज्जतीचा प्रश्न. म्हणाले, “झाडाचंच हाय ना? उद्या तोडून टाकतो. परवा या.”

काकांनी वाटीतलं पाणी नेऊन त्या चिंचेच्या बुडाशी ओतलं. म्हणाले, “पाहुणा दोन वर्षांचा. झाड तुमच्या आज्याचं. राहू द्या त्याला. पोहे द्या.”

आणि बसून दोन बशा पोहे खाल्ले.

मला वाटलं सासरे आता काकांचं नाव काढणार नाहीत. त्या दिवसापासून दुसरं नावच काढलं नाही. “मानूस बघा जावईबापू. झाडाचा इचार करतो.” दर वर्षी चिंच झोडपली की त्यातली चांगली गाभुळलेली चिंच साळवेकाकांना. न्यायची कुणी? मी. माझ्या गाडीतनं. माझ्या वाट्याला यायची ती बाया फोडून चिंचोके वेगळे करून राहिलेली.

घरी बायकोचं तेच. गॅस संपला आणि मी घाईनं नवीन सिलिंडर लावायला गेलो की, “साळवेकाका असते तर आधी वास आला का बघितलं असतं.” मी एकदा वैतागून म्हणलं, “मग त्यांच्याशीच करायचं होतंस लग्न.” तर शांतपणे म्हणाली, “तेव्हा ओळख नव्हती.”

आता दुसरी गोष्ट. वर्षातनं एक दिवस आमच्या संस्थेत लोकांना आत सोडतात. यंत्रं दाखवतात, तक्ते लावतात. त्या वर्षी कवचाच्या सीमेचा तक्ता होता. मॅडम समजावत होत्या, लोक मान डोलवत होते, पण ती डोलवायची पद्धत मला ओळखीची आहे, चौथीत दोनदा तेच केलंय मी. मॅडमच्याही लक्षात आलं. म्हणाल्या, “साळवे, तुम्ही सांगा.”

काकांनी चष्मा सारखा केला. म्हणाले, “दोन मित्र डेक्कनवरनं एका मोटरसायकलवर कात्रजला निघाले. स्वारगेटला मागचा उतरला. म्हणाला तू हो पुढं, मी बसनं येतो. तुम्ही कात्रजला उभे. आधी मोटरसायकल आली, घड्याळ बघा. मग बस आली, परत बघा. दोघांच्या येण्यात जेवढा वेळ गेला, त्यावरनं तुम्हाला सांगता येईल, स्वारगेट किती लांब आहे. तुम्ही जन्मात स्वारगेट बघितलेलं नसलं तरी.”

तक्त्यावर बोट ठेवून काका म्हणाले, “खालनं येणारी लहर वेगवान. त्या सीमेला पोचली की तिचा थोडा भाग हळू चालायला लागतो. मोटरसायकल आणि बस. सीमा म्हणजे स्वारगेट. आपलं यंत्र कात्रजला उभं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी पण. कात्रजला राहतो मी. स्वारगेटवरनं रोज जातो मी. आणि हे सुचलं येरवड्याच्या माणसाला!

पुढच्या वर्षी त्या दिवशी काका जरा उशिरा येणार होते. लोक तक्त्यापुढं जमले, मॅडम आत फोनवर. मी पुढं झालो. म्हणलं, “मी सांगतो. सोपं आहे. दोन मित्र निघाले मोटरसायकलवर.” झकास चाललं होतं. स्वारगेटला एकाला उतरवला. बसमध्ये बसवला. आणि मग मला खरं बोलायची खोड. म्हणलं, “आता संध्याकाळची वेळ, सातारा रोड. मोटरसायकलवाला सिग्नलला अडकला. बसला आपली वेगळी लेन. बस आधी पोचली.”

एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, “म्हणजे हळू चालणारी लहर आधी येते?”

“पुण्यात येते.”

“अहो, पण मग सीमा किती खोल ते कसं काढणार?”

आता मला काय माहीत! मी म्हणलं, “ते मॅडम काढतात.” तेवढ्यात मागनं आवाज आला, “दत्तूच्या जमिनीत ट्रॅफिक आहे.” काका येऊन उभे होते. लोक जे हसले! मॅडम फोन ठेवून बाहेर आल्या त्या पण हसल्या. गोष्ट काकांची चोरलेली, तिची वाट मी लावलेली, आणि तिच्यावरचा विनोद पण काकांचाच. माझ्याकडं काय राहिलं? ट्रॅफिक.

मग काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशन ठरलं, आणि रिटायर व्हायलाही वर्षच राहिलेलं. मॅडमनी मला आत बोलावलं. “दत्तू, साळवेंच्या जागी फील्डला कुणीतरी लागणार. सासवडच्या पुढं शाळेच्या जुन्या खोलीत स्टेशन लावायचंय. खड्डा झालाय. तू जाऊन यंत्र बसव. जमतंय का बघू.”

मी गाडीत येऊन काच वर केली आणि एकटाच ओरडलो. बारा वर्षांनी! ‘जमतंय का बघू’ याचा अर्थ मी लावला ‘जमलंच’. बायकोला सांगितलं, तिनं शिरा केला.

निघायच्या आदल्या दिवशी काकांना भेटायला गेलो. डोळ्यावर हिरवी पट्टी. उशाखालनं त्यांनी पत्र्याचा नाही, प्लॅस्टिकचा डबा काढला. खडू, दोरा, फडक्यात गुंडाळलेली आखूड काठी. “वर्तुळ काढ. सकाळी दहाच्या आत पोच. दुसरी खूण पडेपर्यंत हलू नकोस. दिवस जाईल. जाऊ दे.”

“हो काका.”

“हातातलं कडं काढ.”

“हो काका.”

मी गेलो. नऊला पोचलो. आणि तिथं त्या खोलीत उभा राहिल्यावर माझ्या डोक्यात आलं, मोबाइलमध्ये होकायंत्र आहे की. दोन मिनिटांचं काम. ह्या माणसानं बारा वर्षं दिवसदिवस वर्तुळाशेजारी बसून मोठेपणा मिळवला, आणि ते सगळं दोन मिनिटांचं निघालं तर? मला उत्तर दिशा नको होती हो. मला काकांना खोटं पाडायचं होतं.

मोबाइल ठेवला बॅटरीच्या पेटीवर. पेटी लोखंडाची. शेजारी पहार टेकवलेली. हातात गाडीच्या किल्ल्या, मनगटात कडं. एका लोहाराच्या दुकानात जेवढं असेल तेवढं मी तिथं गोळा केलं होतं. बाण थांबला, मी यंत्र फिरवलं, स्क्रू आवळले. साडेदहाला मॅडमना फोन. “मॅडम, उत्तर लागली.”

“इतक्यात?”

“अनुभव, मॅडम.”

येताना येरवड्याला गेलो. काकांनी पट्टीखालनं विचारलं, “वर्तुळ काढलंस?”

“काढलं की.”

“बरं झालं,” म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

चार महिने मी फील्डवरचा माणूस म्हणून मिरवलो. मग पूर्वेकडं लांब समुद्रात एक मोठा भूकंप झाला. तो कुठं झाला ते सगळ्या जगाला ठाऊक. आमच्या सगळ्या स्टेशनांनी बरोबर तिकडं बोट दाखवलं. सासवडच्या स्टेशनानं भलतीकडं. मॅडमनी दोघांना बोलावलं. पडद्यावर रेघा. मॅडम म्हणाल्या, “आधीचे भूकंप परत तपासले. इथं साळवेंची बस दिसतच नाही नीट. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. यंत्राची दिशा चुकलेली वाटते.”

काकांच्या चष्म्याला नव्या काचा होत्या. त्यातनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता सांगणार. म्हणाले, “उद्या जाऊन येतो. गाडी लागेल.”

गाडी म्हणजे मी.

दिवे घाट चढलो, उतारावर एका टेम्पोवाल्यानं आडवी घातली तरी मी त्याला शिवी दिली नाही, यावरनं काय ते समजा. खोलीत गेलो. पेटी तिथंच. पहार तिथंच, मी टेकवली होती तशी. काकांनी ते बघितलं. बाहेर पटांगणात वर्तुळ काढलं, काठी रोवली, बसले. मी वाट बघत होतो, आता म्हणतील घाई आहे त्यानं गाडीत बसावं. त्या दिवशी म्हणाले नाहीत. मग मीच शेजारी बसलो. दहापासून तीनपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मी एक सावली अख्खी बघितली. ती हळू चालते असं वाटतं, पण नजर काढली की पुढं गेलेली असते.

दुसरी खूण पडली. दोरा लावून रेघ आत खड्ड्यापर्यंत नेली. काकांनी कोन मोजला. “अठरा.” मग माझ्या मनगटाकडं बघितलं. “कडं होतं?”

“होतं.”

“वर्तुळ?”

मी मान हलवली. नाही.

शाळेत पोरं पाढे म्हणत होती. मग काका म्हणाले, “एक बरं केलंस. एकसारखा चुकलास. रोज वेगळा चुकला असतास तर चार महिने पाण्यात. आता सगळं अठरा अंश फिरवून घेता येईल.” आणि स्टेशनची फाईल उघडून वर लिहिलं, ‘दत्तू, अठरा अंश.’

“काका, नुसतं अठरा लिहा की. नाव कशाला?”

“कुणी केलं ते लिहायचं असतं. चांगलं असलं तरी, वाईट असलं तरी.” खाली दुसरी ओळ लिहिली, ‘तपासलं, साळवे.’ “मॅडमना तू सांग.”

सांगितलं. उभ्या उभ्या, घाम पुसत, कड्यापासनं पहारीपर्यंत सगळं. मॅडम ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, “साडेदहाला फोन आला तेव्हाच मला शंका आली होती. मी साळवेंना विचारलं. ते म्हणाले, वर्तुळ काढलं म्हणालाय, म्हणजे काढलंय. म्हणून मी पुढं काही बघितलं नाही.”

होकायंत्रावर विश्वास न ठेवणारा माणूस. पाण्यानं भरलेली वाटी ठेवल्याशिवाय जमिनीवर विश्वास न ठेवणारा माणूस. तो माझ्या शब्दावर चार महिने निवांत झोपला होता.

लाज वाटली मला. पण खोटं कशाला सांगू, लाजेच्या आधी हेवाच वाटला. एखाद्यावर असा विश्वास टाकायला जमतं कसं माणसाला? मी तर घराला कुलूप लावून चारदा ओढून बघतो.

आणि त्यावर कळस म्हणजे, जागा मलाच मिळाली. मॅडम म्हणाल्या, “मी नाहीच म्हणत होते. साळवे म्हणाले, हा अठरा अंश चुकून बसलाय, आता जन्मभर वर्तुळ काढील. नवा आणला तर तो पहिल्यापासून चुकायला लागेल.” म्हणजे मला त्यांची जागा पाहिजे होती ती पण त्यांनीच दिली. स्वतःच्या हिमतीवर मी एक चूक तेवढी केली.

काका रिटायर झाले. तब्येत उतरली. त्या हिवाळ्यात मॅडमनी भोरच्या बाजूला एक नवीन स्टेशन काढलं, आणि मीच म्हणलं, पक्कं करायच्या आधी काकांना एकदा दाखवू. मी त्यांना आणायला गेलो. शर्ट खांद्यावरनं उतरत होता. “जयभीम दत्तू.” “जयभीम काका.” तोंडातनं तेच निघालं. त्यांनी एकदा बघितलं, आणि गप्प बसले ते पार मुक्कामापर्यंत. त्यानंतर मला ते परत दिसले नाहीत. थंडी सरता सरता गेले. म्हणून तो दिवस मी जपून ठेवलाय.

वर्तुळ मी काढलं होतं. काठी माझी. अंगावर लोखंड नाही. नाडीची पँट शिवून घेतलीये मी, बायको अजून हसते. दहाची खूण मी केली. काका प्लॅस्टिकच्या बादलीवर बसून बघत होते. एकदाही हात लावला नाही, एकदाही चूक काढली नाही. मी दर दहा मिनिटांनी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. बरोबर आहे का, म्हणून नाही. आता तरी म्हणतील का, दत्तू, छान.

तीन वाजत आले. सावलीचं टोक रेघेपासून बोटभर राहिलं. वारा पडला होता. काकांच्या हातात खडू दिला होता मी, दुसरी खूण तुम्ही करा म्हणलं. ते वाकून बसले, चष्म्याच्या काडीला अजून तोच दोरा. म्हणलं, आत्ता नाही तर कधी? मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“काका, एक बोलायचंय. बारा वर्षं मी तुमच्यावर जळलो. मॅडम तुम्हाला विचारायच्या, सासरे तुम्हाला चिंच पाठवायचे, बायको तुमचं नाव घ्यायची. ते बस आणि मोटरसायकल तुम्हाला सुचलं ते मला अजून सहन होत नाही. त्या दिवशी मी वर्तुळ काढलं नाही ते आळसानं नाही काका. तुम्हाला खोटं पाडायला. मला माफ...”

“ठाऊक आहे रे सगळं,” काका मान वर न करता म्हणाले. “बाजूला हो आधी. तुझी सावली पडतीये वर्तुळावर.”